पांढरी

गेल्या जानेवारीत हुरड्यासाठी मी आत्याच्या शेतावर गेलो होतो. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्यापासून तिचे शेत फार लांब नाही. वारा पाण्यावरून आला की त्याचा गार, किंचित शेवाळी वास थेट आखाड्यापर्यंत पोहोचतो. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या, कणसे निखाऱ्यांच्या कडेला खुपसली होती आणि आत्या गरम कणीस तळहातांमध्ये चोळून सुपात दाणे पाडत होती. तिच्या नातवाला मी मोबाइलवर एक छायाचित्र दाखवत होतो. हिंदी महासागराच्या मधोमध पसरलेल्या चागोस द्वीपसमूहातल्या एका बेटाचे ते छायाचित्र होते: पांढरी वाळू, तिच्यामागे नारळीची दाट झाडी, आणि एका बुंध्यावर चढत असलेला, परातीएवढा पसरलेला नारळखेकडा. पोराने विचारले, “काका, तिथं कोण राहतं?” मी म्हणालो, “कोणीच नाही. पक्षी, कासवे आणि हे खेकडे, एवढेच.” हे सांगताना माझ्या आवाजात एक प्रकारचा अभिमान होता, हे मला आज आठवते. जगात अजून अशी न विटाळलेली जागा शिल्लक आहे, याचा तो अभिमान होता. आत्याने हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “मंग हे झाडं ओळीत कोणी लावले रे?”

मी पुन्हा पाहिले. खाली पडलेल्या नारळांतून उगवलेल्या रोपांची भरमसाट गर्दी माजली होती, पण तिच्यातून वर गेलेले जुने, उंच बुंधे खरोखरच एका रेषेत उभे होते. नारळ समुद्रातून वाहत जातो आणि लागेल त्या किनाऱ्याला रुजतो, असे काहीतरी मी सांगू लागलो. ते खोटे नाही. पण दोरी धरून, खड्डे घेऊन स्वतःच्या हाताने मोसंबीची बाग उभी केलेल्या बाईला ते पटण्यासारखे नव्हते. “आपोआप आलेलं झाड ओळ धरीत नसतं,” एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा कणसाकडे वळली.

ते वाक्य त्या रात्रीपासून माझ्या मागे लागले.

मी गेली सतरा-अठरा वर्षे हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी मोजायला जातो. पहाटे धुक्यात काठावर बसायचे, दुर्बीण तिवईवर लावायची, आणि उजाडू लागले की वहीत रकाने भरायचे: तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, थव्याने उतरणारी थापट्या बदके, उथळ पाण्यात माना खाली घालून चिखल गाळणारे रोहित. या छंदातूनच दूरच्या बेटांविषयी वाचण्याची गोडी लागली आणि त्या वाचनात चागोस मला सर्वांत प्रिय झाले. कन्याकुमारीहून नकाशावर बोट दक्षिणेकडे, थोडे नैर्ऋत्येला सरकवत न्यावे. मालदीवची माळ संपल्यावरही सुमारे ५०० किलोमीटर पाणीच पाणी, आणि मग ही सात कंकणद्वीपे. साठाहून अधिक बेटे, पण सगळ्यांची जमीन मिळून ६० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. आमचा नाथसागर तुडुंब भरला की त्याच्या कितीतरी पट जागा व्यापतो. समुद्रसपाटीपासून एखाद-दोन पुरुष उंच एवढीच ही जमीन. तिथली वाळूदेखील जिवंत प्राण्यांनी केलेली आहे: प्रवाळ मरून चुरा होतो, शिवाय पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या पोटातून ती पिठासारखी पांढरी होऊन बाहेर पडते.

नारळखेकडा तर मला एखाद्या कहाणीतल्या प्राण्यासारखा वाटे. जमिनीवर राहणाऱ्या, खेकडे-कीटकांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांमध्ये त्याच्याएवढा मोठा दुसरा नाही. वजन ४ किलोपर्यंत, पाय ताणले तर हातभराहून जास्त. त्याचा जन्म समुद्रात होतो, लहानपणी तो शंख पाठीवर घेऊन किनाऱ्यावर येतो, आणि मोठा झाल्यावर मात्र ज्या पाण्यात जन्मला त्याच पाण्यात बुडून मरतो. शेंडी सोलून नारळ फोडण्याइतके बळ त्याच्या नांग्यांत असते, आणि त्याचे आयुष्य पन्नास वर्षांहूनही मोठे असू शकते. म्हणजे त्या छायाचित्रातल्या खेकड्याने कदाचित ती ओळ सांभाळणारी माणसेही पाहिली असतील. हा विचार त्यापूर्वी मला कधीच सुचला नव्हता.

आणखी एका कारणाने ही बेटे मला परकी वाटत नसत. आमच्याकडे विहीर खोदताना आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेल्या लाव्ह्याचे थर म्हणजे हा पाषाण. भूशास्त्रज्ञांच्या बहुमान्य मतानुसार ज्या तप्त स्रोतावरून जाताना भारताच्या भूमीवर हे थर साचले, तो स्रोत विझला नाही. भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे सुटलेल्या समुद्रतळावर एकामागून एक ज्वालामुखी उठत राहिले. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस, अशी ती खूण आहे. त्यातले जुने डोंगर हळूहळू समुद्रात खचले आणि खचत्या डोंगराच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहिले, म्हणून आज ती बेटे बांगडीसारखी गोल दिसतात. रेयुनियों बेटावर तोच विस्तव आजही अधूनमधून बाहेर पडतो. म्हणजे आत्याची काळी जमीन आणि चागोसच्या पांढऱ्या वाळूखाली गाडलेला दगड ही एका चुलीवरची भाकरी आहे. हे मी अनेकांना कौतुकाने सांगितले आहे. कोट्यवधी वर्षांचे नाते मला तोंडपाठ होते, पण शे-दोनशे वर्षांपूर्वी तिथे नारळ कोणी लावले, हे ठाऊक नव्हते. विचारावेसेही वाटले नव्हते.

शोधू लागलो तेव्हा उत्तर मिळायला एक संध्याकाळही लागली नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी मॉरिशसमधल्या फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि मोझांबिक इथून आणलेले गुलाम या बेटांवर उतरवले आणि त्यांच्याकडून नारळ लावून घेतले. १८१४ साली मॉरिशसबरोबर ही बेटेही ब्रिटिशांकडे गेली. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामी कायद्याने संपली, मग भारतातूनही काही मजूर करारावर आले. पुरुषांनी रोज ठरलेले नारळ सोलायचे, बायकांनी ते फोडून खोबरे काढायचे, खोबरे भट्टीच्या खोलीत वाळवायचे, आणि गाढवांनी ओढलेल्या घाण्यात त्याचे तेल काढायचे. त्या तेलाचे दिवे मॉरिशसमध्ये जळत. पाच-सहा पिढ्यांत या माणसांची स्वतःची क्रेओल बोली झाली, स्वतःची गाणी झाली, चर्च झाले, चर्चच्या बाजूला कबरी झाल्या. कुत्री त्यांच्यासोबत मासे पकडायला उथळ पाण्यात उतरत. हे सगळे वाचताना माझ्या नजरेसमोर ती ओळ होती.

मग १९६५ हे वर्ष आले. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ८ नोव्हेंबरला, लंडनमध्ये एक आदेश निघाला आणि चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत करण्यात आली, कारण अमेरिकेला त्यांतल्या दिएगो गार्सिया या बेटावर लष्करी तळ हवा होता आणि तो रिकाम्या बेटावर हवा होता. या दोन तारखांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरीही मी त्या वहीत शेजारी शेजारी लिहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो.

बेट रिकामे नव्हते, म्हणून ते आधी कागदावर रिकामे करण्यात आले. तिथे जन्मलेल्या, तिथेच आजोबा-पणजोबा पुरलेल्या माणसांची नोंद बाहेरून आलेले कंत्राटी मजूर अशी झाली. १९६६ साली लंडनमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने केलेली टिपणी पुढे उजेडात आली. कुरव पक्षी सोडले तर तिथे मूळ रहिवासी म्हणून कोणी असणार नाही, असा तिचा आशय आहे. इंग्रजीत त्याने सीगल म्हटले आहे. तपकिरी डोक्याचा कुरव मी दर हिवाळ्यात नाथसागरावर मोजतो, राखी पंखांची टोके काळी असलेला, बोट गेली की तिच्यामागे घिरट्या घालणारा. एखाद्या पक्ष्याचे नाव माणसांना पुसून टाकण्यासाठी असे वापरले गेले असेल, हे मला सहन झाले नाही. १९६८ पासून औषधपाण्यासाठी किंवा पाहुणे म्हणून मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारण्यात आली. बेटांवर येणारा शिधा कमी होत गेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सियाची पाळी आली. माणसांच्या आधी त्यांची कुत्री खोबरे वाळवण्याच्या भट्टीत कोंडून गाड्यांच्या धुराने मारली, जवळजवळ हजार. १९७३ मध्ये पेरोस बान्योस या शेवटच्या वस्तीतली माणसे बोटीत चढली. दीड-दोन हजारांचा हा समाज मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांतल्या झोपड्यांमध्ये विखुरला. त्यांच्या बोलीत ‘साग्रें’ असा एक शब्द आहे. ताटातुटीच्या दुःखाने माणूस खंगत जातो आणि त्यातच मरतो, त्याला ते साग्रें म्हणतात.

आमच्याकडे म्हणतात, हाय खाल्ली.

नाथषष्ठीला आत्या पैठणला आली होती. दर्शनाची रांग आटोपल्यावर आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर दिंड्यांच्या पताका, गुलाल, उन्हाने तापलेला दगड. मी तिला झाडे कोणी लावली ते सांगितले आणि नंतर काय झाले तेही सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी एवढेच विचारले, “कुत्र्यायला कशाला मारलं?” मला उत्तर देता आले नाही. मग बराच वेळ गेल्यावर, मी न विचारता, तिने स्वतःचे सांगितले. लग्न होऊन ती सासरच्या गावात गेली तेव्हा धरणाच्या पाण्यामुळे ते गाव उठणार हे सर्वांना माहीत होते, तरी तिच्या सासऱ्याने त्या वर्षीही घर शाकारले. निघायच्या दिवशी सागवानी चौकट, कवाडे, तुळया, माळवदाच्या किलच्या असे सगळे उतरवून बैलगाड्यांत भरले. दगडी जाते तिने हट्टाने घेतले. ते आजही तिच्या ओसरीवर आहे. त्यांचा कुत्रा गाडीमागून नव्या गावठाणापर्यंत आला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. दोनदा त्याला आणले. तिसऱ्यांदा आणायला गेले तेव्हा वाटेवर पाणी होते. सासू नव्या घरात चार महिने राहिली. डॉक्टरांना तिच्यात काही दोष सापडला नाही. “गंगा दिसत नव्हती तिला तिथून,” आत्या म्हणाली. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्या एक आहेत असे मला म्हणायचेही नाही. आत्याच्या गावाची नोंद झाली, मोजणी झाली, नवे गावठाण मिळाले, जमिनीचा मोबदला मिळाला. तो पुरेसा होता की नाही हा वेगळा प्रश्न, पण ती माणसे होतीच नाहीत असे कोणी लिहिले नाही. शिवाय धरणाच्या पाण्याचे मोल मला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरात माझ्या घरी नळाला येते ते पाणी याच धरणाचे. परभणीपर्यंतची शेते त्याच्या कालव्यांवर उभी आहेत. ते धरण नको होते असे मी म्हणू शकत नाही, आणि ज्या घागरीतून मी पाणी पितो तिच्या तळाशी आत्याचे गाव आहे हे विसरूही शकत नाही. मला खटकले ते माझे स्वतःचे पाहणे. नाथसागर १९८६ मध्येच पक्षी अभयारण्य झाला होता; मी पुढे तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हापासून त्याला शांत, निर्जन, अस्पर्श म्हणत आलो. हेच शब्द मी चागोसबद्दल वाचले होते आणि पुढे सांगितलेही होते. निर्जन हा शब्द उच्चारताना तिथले जन कुठे गेले, हे विचारण्याची मला सवयच नव्हती.

चागोसमध्ये या शब्दाचा पुढे कायद्यासारखा उपयोग झाला. २००० साली लंडनच्या न्यायालयाने बेटवासीयांना हद्दपार करणे बेकायदा ठरवले. २००४ मध्ये राणीच्या आदेशाने परतीची वाट पुन्हा बंद झाली, आणि २००८ मध्ये सर्वोच्च पातळीवर तीन विरुद्ध दोन अशा मतांनी बेटवासी हरले. चारेक वर्षांचा असताना कुटुंबासोबत मॉरिशसला आलेला आणि परत जाऊ न शकलेला ऑलिव्हिए बांकू हा वीजतंत्री हा लढा चालवत होता. २०१० मध्ये चागोसभोवतीच्या सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्राला राखीव क्षेत्र जाहीर करण्यात आले. मासेमारी बंद झाली. तेव्हा मी पेढे वाटावेत इतका आनंदलो होतो. आणि आनंदाचे कारण खरेच होते: तिथले प्रवाळ आणि शार्क यांना आसरा हवाच होता. पण राखीव क्षेत्रामुळे माणसांचा परतीचा दावा निकालात निघेल, असे एक ब्रिटिश अधिकारी अमेरिकी मुत्सद्द्यांपाशी आधीच बोलला होता, हे त्याच वर्षाच्या शेवटी फुटलेल्या राजनैतिक तारसंदेशातून जगाला कळले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते राखीव क्षेत्र जाहीर करण्याची रीत समुद्रकायद्याला धरून नव्हती असा निवाडा दिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणेच बेकायदा होते असे मत दिले. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे राहणार होता, आणि परत वसण्याची मोकळीक फक्त इतर बेटांपुरती होती. तळाच्या बेटावर ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी आहेत, त्यांना त्या भेटीपुरत्याच.

पक्ष्यांचे म्हणून एक प्रकरण या सगळ्यात आहे आणि ते मला टाळता येत नाही. मळ्यांच्या काळात जहाजांतून उंदीर आले आणि ज्या बेटांवर ते शिरले तिथली समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्ले त्यांनी संपवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, चागोसच्या उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून उतरणाऱ्या खतामुळे अशा बेटांभोवतीच्या प्रवाळांवर माशांचे एकूण वजनही ४८ टक्क्यांनी जास्त आहे. लाल पायाच्या बूबी पक्ष्याला घरट्यासाठी तिथली मूळची रुंद फांद्यांची झाडे लागतात, आणि माजलेल्या नारळीने ती दाबून टाकली आहेत. म्हणून आता अभ्यासक म्हणतात की नारळ काढून मूळचे जंगल लावावे. पक्ष्यांचा माणूस म्हणून मला ते मनापासून पटते. पण ती ओळ तोडली जाईल तेव्हा, तिथे कोणी राबले होते याची जी एक खूण एका मोसंबीवालीला हजारो किलोमीटरांवरून वाचता आली, तीही जाईल. हे दोन्ही मी एकाच वेळी मनात धरून आहे आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही. ती माणसे परत गेली आणि नारळ त्यांनीच काढले, बूबीसाठी झाडे त्यांनीच लावली, तर मला बरे वाटेल. ते ठरवणारा मी कोण, हेही आहेच.

मे महिन्यात धरणाचे पाणी खूप उतरले. आत्याचा फोन आला की गाव वर आले आहे, यायचे तर ये. आम्ही सकाळी लवकर निघालो. गाळपेराच्या टरबुजांचे वेल संपले की पुढे भेगाळलेला, वाळका चिखल लागतो. त्याच्यावर शिंपल्यांचा चुरा इतका पसरला होता की लांबून सगळे पांढरे दिसत होते. आत्याने चप्पल काढून हातात घेतली. चौथऱ्याचे दगड, आडाचा बुजलेला काठ, चिंचेचा काळा पडलेला खुंट यांच्यामधून ती अशी वळणे घेत चालली की तिथे गल्ल्या अजून उभ्याच असाव्यात. एके ठिकाणी तर मी सरळ निघालो तेव्हा तिने मला दंडाला धरून बाजूला घेतले, कारण तिथे कोणाचा तरी वाडा होता. “ही पांढरी,” ती म्हणाली, “आन् तिकडं समदी काळी.” गावाच्या वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कोणी बोट दाखवून मला त्यांची शीव सांगितली नव्हती.

काळीवर अजून गुडघाभर पाणी होते आणि त्यात रोहित उभे होते. पट्टकदंब केव्हाच उत्तरेला गेले होते. मी सवयीने दुर्बीण लावली आणि मोजू लागलो. आत्या शेजारी चिंचेच्या खुंटावर बसली. मोजून झाल्यावर वही काढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. ठिकाणाच्या रकान्यात दरवर्षी मी ‘नाथसागर, उत्तर काठ’ असे लिहितो. ते लिहिण्याआधी मी तिला विचारले, ते पक्षी उभे आहेत तिथे काय होते. तिने कपाळावर हात आडवा धरून पाहिले. “अलीकडचे आमच्या खळ्यात हायेत,” ती म्हणाली, “पल्याडचे पाटलाच्या मळ्यात.” मी एका रकान्याचे दोन केले आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. खळ्यात एकशे बारा. मळ्यात दोनशे चाळीस.